‘तो चावतो’ म्हणजे नक्की काय चावतो? नातेवाइकांचा नकोसा झालेला तरुण कुत्रा घरी आणताना

नाशिकच्या मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याने आधी पाच मिनिटं आमच्याकडच्या पावसाची चौकशी केली. मग हळूच विषय काढला. "ब्रूनोला तुम्ही न्याल का गं? आठ महिन्यांचा लॅब्राडोर आहे. गुणी आहे, फक्त चावतो."

मराठीत या एका शब्दाने मोठा घोळ होतो. कुत्रा माणसाला चावतो तेही चावणंच आणि सोफ्याची कड, चार्जरची वायर, वहिनीची कोल्हापुरी चावतो तेही चावणंच. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: "दादा, काय चावतो? माणूस की वस्तू?" उत्तर ‘माणूस’ असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी प्राण्यांच्या डॉक्टरांशी व अनुभवी ट्रेनरशी बोला. उत्तर ‘वस्तू’ असेल तर पुढे वाचा. ब्रूनोचं उत्तर होतं: सोफा, दोन रिमोट, सहा चपला आणि भिंतीचा गिलावा.

होकार देण्याआधी

फोनवर हो म्हणू नका. जाऊन बघा, निदान अर्धा दिवस तिथे काढा. नातेवाईक खोटं बोलतात असं नाही, पण कुत्रा नकोसा झाला की माणूस त्याच्याबद्दल एकतर फार वाईट बोलतो नाहीतर फार चांगलं. दोन्हीचा उपयोग नाही. आपल्याला त्याचा दिनक्रम हवा असतो.

तो दिवसातून किती तास एकटा असतो? कधी आणि कुठे बांधलेला असतो? फिरायला कोण नेतं, किती वेळ? काय खातो? रात्री कुठे झोपतो? वस्तू नुसत्या फाडतो की गिळतोही? तोंडातली वस्तू काढून घ्यायला गेलं तर गुरगुरतो का? घरात कोणी नसतानाच नासधूस करतो की सगळ्यांसमोरही? शेवटचे तीन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, कारण पुढचा सगळा उपाय त्यांच्या उत्तरावर ठरतो.

आमच्या बाबतीत अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. वहिनीला दुसरं बाळ झालं होतं, दादा कामावर. ब्रूनो सकाळी नऊपासून गॅलरीत साखळीला, आणि फिरणं म्हणजे सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत. लॅब्राडोर ही पाण्यात पडलेला पक्षी तोंडात धरून मालकाकडे आणून देण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली जात. तोंड हेच त्याचं हत्यार. त्याला बारा तास गॅलरीत रिकामं बसवल्यावर त्याने गिलावा खाल्ला यात नवल काय? हे अर्थात वहिनीसमोर बोलायचं नाही. ती आधीच रडवेली झालेली असते.

आता स्वतःच्या घराकडे बघा. सगळेच सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणार असाल तर कुत्र्याची फक्त गॅलरी बदलेल, बाकी काही नाही. पहिले तीन आठवडे तरी कोणीतरी बराच वेळ घरी हवं. आमच्याकडे सासूबाई होत्या आणि त्यांचा होकार मी सगळ्यात आधी घेतला, कारण दुपारी कुत्रा सांभाळणार त्या होत्या.

देणंघेणं स्पष्ट करून घ्या

नात्यात हे बोलायला जड जातं, पण न बोललेलं पुढे जास्त जड होतं. चार गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: कुत्रा कायमचा देताय की सहा महिन्यांसाठी? पुढे परत मागणार का? आम्हाला जमलंच नाही तर तुम्ही परत घ्याल का? नसबंदी, औषधं, ट्रेनर यांचे निर्णय कोण घेणार? आमच्या ओळखीतल्या एका घरात कुत्रा वर्षभर वळण लावून झाल्यावर मामेभावाने ‘आता मुलं मोठी झाली’ म्हणून परत मागितला. दोन्ही घरं आजही एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत.

लसीकरणाचं पुस्तक, परवाना असेल तर त्याची प्रत आणि मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा क्रमांक त्याच दिवशी ताब्यात घ्या. पुणे, मुंबईसारख्या महापालिकांमध्ये पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. तो तुमच्या नावावर नव्याने करून घ्या.

आणि ‘तुम्ही नाही नेलं तर सोडून देऊ कुठेतरी’ असं कोणी म्हणालं, तर १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, हे शांतपणे सांगा. त्या धमकीपोटी मात्र कुत्रा घरात आणू नका.

तो यायच्या आधी घर गुडघ्यावर बसून बघा

हे शब्दशः करा. रांगत फिरा. कुत्र्याच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं: लटकणारी वायर, टीपॉयखालचा मोजा, देवघराच्या खालच्या फळीतल्या वाती आणि कापूर, कपाटाच्या कोपऱ्यातल्या डांबरगोळ्या, पलंगाखालचं उंदीर मारायचं औषध. शेवटच्या दोन गोष्टी घरातूनच हद्दपार करा.

औषधांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, वरच्या कप्प्यात. रिमोट आणि खेळण्यांमधले चपटे गोल सेल गिळले गेले तर अन्ननलिका जाळतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुके, बेदाणे, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषासमान. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉलही तसंच. काही पीनट बटरमध्येही ते असतं, म्हणून डबा वाचून घ्या. गॅलरीत कण्हेर, बिट्टी, सायकस किंवा डिफेनबाखिया असेल तर कुंडी शेजाऱ्यांना द्या.

आपल्याकडच्या आणखी दोन गोष्टी सांभाळा: आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा बुरकुंडा. दोन्हींचा वास कुत्र्याला वेड लावतो, दोन्ही अख्खे गिळले जातात आणि आतड्यात अडकले की पोट फाडून काढावे लागतात. मे ते ऑगस्ट कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवंच.

मग एक जागा ठरवा. एक खोली, किंवा लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक लावून अडवलेला हॉलचा कोपरा. तिथे पाणी, अंथरूण आणि चावायच्या वस्तू. नजर ठेवायला कोणी नसेल तेव्हा तो तिथे. अख्खं घर पहिल्या दिवशी मोकळं देणं म्हणजे दहावीच्या पोराला पगाराचं खातं देण्यासारखं आहे.

प्रवास आणि पहिले तीन दिवस

नाशिक ते पुणे गाडीने पाचेक तास. निघण्याआधी दोन-तीन तास जेवण देऊ नका, पाणी द्या. मागच्या सीटवर हार्नेस लावून बेल्टला अडकवा. संगमनेरला आणि नारायणगावला उतरवून पाय मोकळे करायला लावा, पण पट्टा हाताला गुंडाळलेला हवा. अनोळखी जागी बिथरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे पळत सुटतो.

वहिनीने निघताना त्याची चादर धुऊन, घडी करून देऊ केली. मी म्हटलं, वहिनी, न धुतलेली द्या. त्या मळक्या चादरीच्या वासावर तो पहिली रात्र झोपला.

पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, नवं खाणंही नको. जे तिथे खात होता तेच इथे. दूध-पोळी असली तरी आठवडाभर चालवा, मग सात ते दहा दिवसांत थोडं थोडं करत बदला. तो कोपऱ्यात पडून राहील किंवा सैरावैरा फिरेल, दोन्ही ठीक. कुत्री दत्तक देणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भांबावलेला, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांत ते घर त्याचं होतं. याचा एक उलटा अर्थ कोणी सांगत नाही. पहिला आठवडा शहाण्यासारखा वागलेला कुत्रा तिसऱ्या आठवड्यात सोफा फाडू शकतो, कारण आता त्याला मोकळं वाटायला लागलेलं असतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे. रेबीज आणि एकत्रित लस कधी झाली, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, आणि तोंड उघडून दात. माती, गिलावा, कापड असं काहीबाही तो खरोखर खात असेल तर ते आवर्जून सांगा, कारण जंत, रक्तक्षय किंवा पोटाच्या तक्रारी त्यामागे असू शकतात. नसबंदीचा विषयही इथेच काढा. मोठ्या जातीत वय बघून ठरवतात.

आता मूळ दुखणं

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, कायमचे ४२ येतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ही अदलाबदल संपते, म्हणून लोकांना वाटतं की चावणंही संपेल. संपत नाही. दाताची खाज जाते, पण चघळण्याची गरज राहते. लॅब्राडोरसारख्या जातीत ती दीड-दोन वर्षांपर्यंत जोरात असते आणि नंतरही थोडी उरतेच. चघळल्याने कुत्रा शांत होतो. तेव्हा ‘चावू नको’ हे त्याला शिकवताच येत नाही. ‘हे चाव’ हे शिकवता येतं.

म्हणजे काय करायचं? ताटात वाढायचं. त्याच्या जागेत कायम तीन-चार चावायच्या वस्तू हव्यात, सगळ्या वेगळ्या पोताच्या. पोकळ रबरी खेळण्यात मीठ-फोडणीशिवाय दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवा, अर्धा तास मजेत जातो. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर हे वरदान आहे. गोठवलेलं गाजर. टेप आणि पिना काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मूठभर कोरडं खाणं टाकून खोकं बंद करा, त्याला फाडू दे. शेंडीसकट नारळही बऱ्याच कुत्र्यांना आवडतो, पण तुम्ही समोर बसून. काथ्या गिळायला लागला की नारळ उचला. एकूण सहा-सात वस्तू ठेवा आणि निम्म्या कपाटात. दोन दिवसांनी अदलाबदल केली की जुनी वस्तू नवी होते.

वस्तू निवडताना अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जराही रुतत नसेल तर ती दातांसाठी फार कठीण आहे. हरणाची शिंगं आणि दगडासारखं नायलॉन यांनी मागच्या दाढा फुटतात. शिजवलेली हाडं कधीच नकोत, त्यांच्या कपच्या होतात. दुकानात मिळणारी कच्च्या चामड्याची हाडं मऊ पडली की तुकडा घशात अडकतो, मी ती घेत नाही. आणि जुनी चप्पल तर बिलकूल नको. ‘ही फाटकी आहे, ही घे’ असं आपण म्हणतो, पण फाटकी चप्पल आणि कालच घेतलेला सँडल यातला फरक कुत्र्याला कसा कळणार? दोन्हीला आपल्याच पायाचा वास. जुने मोजे, जुने टॉवेल यांचंही तेच.

चुकीची वस्तू तोंडात सापडली की आपण काय करतो? ओरडत मागे धावतो. त्याच्या दृष्टीने जगातला सर्वांत भारी खेळ सुरू झाला. रिमोट उचलला की घरातली चार माणसं मागे लागतात, त्याचं स्वतःचं खेळणं उचललं तर कोणी बघतही नाही. अशाने तो काय शिकेल?

त्याऐवजी सौदा करा. आधी साध्या खेळण्यावर शिकवा: तोंडात खेळणं असताना ‘दे’ म्हणा, नाकाजवळ उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा धरा, सोडलं की तुकडा द्या आणि खेळणंही परत द्या. परत देणं विसरू नका, ‘दिलं तर जातं’ असं त्याला वाटता कामा नये. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं. आठवड्याभराने रिमोटवरही चालतं. आणीबाणीत चार तुकडे तीन पावलं लांब फेका, तो तिकडे गेला की वस्तू उचला. गुरगुरला तर हिसकावू नका. तिथे ट्रेनरच लागतो.

कडू फवारा बाजारात मिळतो. सोफ्याच्या पायांना आम्हीही मारला. काही कुत्री तोंड वाकडं करून निघून जातात. आमच्याने चाटून साफ केला.

घरी परतल्यावर फाटकी उशी दिसली तर? झाडू घ्या, उशी भरा, गप्प बसा. ‘बघ कसा अपराधी चेहरा केलाय, त्याला बरोबर कळतं’ असं सगळेच म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हेच तपासलं. कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता, मालक रागावला की तो चेहरा दिसत होता. उलट काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्त ठळक होता. थोडक्यात, तो तुमच्या आवाजाला घाबरतो, उशीचा त्याला पत्ताही नसतो.

दमवा, पण झोपवाही

सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरणं हे किमान. त्यातला निम्मा वेळ त्याला हुंगू द्या. प्रत्येक खांबाला थांबतो म्हणून ओढू नका, त्याचं वर्तमानपत्र चाललेलं असतं. हाडं अजून वाढत असताना दुचाकीमागे पळवणं, जिने-उड्या हे टाळा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

जेवण वाटीत देण्यापेक्षा थोडं हातातून, थोडं खोक्यातून, थोडं गवतात पसरून द्या. लॅब खादाड असतात याला आता शास्त्राचाही आधार आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या एका जनुकात बिघाड सापडला. शिकवताना हा हावरटपणा कामी येतो, वजनाच्या बाबतीत मात्र वैरी.

झोपेचं कोणी बोलत नाही. या वयाच्या कुत्र्याला दिवसाचे सोळा-सतरा तास झोप लागते. ब्रूनोला रोज संध्याकाळी साडेसातला अंगात यायचं. पडदे, पाय, कुंचा, जे दिसेल ते तोंडात. आम्ही त्याला आणखी फिरवायचो आणि ते आणखी वाढायचं. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा किरकिरतोय, झोप आलीय त्याला." दिवा मालवला, चावायला गाजर दिलं, जाळीमागे ठेवलं. दहा मिनिटांत घोरत होता. चार पोरं वाढवलेल्या बाईला जे कळलं ते मला व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

एकटं राहायला शिकवणं

एकदा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर जा. तो थोडं फिरून, मग आळसावून खेळणं किंवा उशी फाडत असेल तर तो कंटाळा. तुम्ही गेल्यावर लगेच धापा, लाळ, रडणं, दाराची चौकट आणि खिडकी खरवडणं, घरातच शू, हे दिसलं तर ती भीती आहे. आधीच एक घर सुटलेल्या कुत्र्यात ती दिसू शकते. भीतीवर नुसती खेळणी पुरत नाहीत. डॉक्टरांची आणि वर्तनतज्ज्ञाची मदत घ्या, गरज पडली तर औषधही.

कंटाळ्यासाठी पायरीपायरीने जा. किल्ली उचला, परत ठेवा. दाराबाहेर दहा सेकंद, मग एक मिनिट, मग पाच. जाताना गोठवलेला दहीभात द्या. निरोपाचा सोहळा नको, आल्यावर स्वागताचाही नको. आम्हाला दोन तासांपर्यंत पोचायला सहा आठवडे लागले.

गिळलंच तर

लगेच डॉक्टरांना फोन. काय, किती, कधी, आणि कुत्र्याचं वजन सांगा, पाकीट सोबत न्या. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, ते स्वतःच विष ठरू शकतं. सेल किंवा टोकदार वस्तू असेल तर उलटी करवणं आणखी घातक. मोजा, कोय असं काही गिळल्याचा नुसता संशय असेल आणि वारंवार उलट्या, खाणं बंद, पोट ताठ, शी नाही अशी लक्षणं असतील तर सकाळची वाट बघू नका. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे कुत्रा आणण्याआधीच शोधून नंबर फ्रीजवर चिकटवा.

माणसांना वळण

घरातल्या सगळ्यांचा शब्द एक हवा. एक ‘दे’ म्हणतो, दुसरा ‘सोड’, तिसरा ‘ए ए ए’, मग कुत्रा कोणाचं ऐकणार? चपला कपाटात आणि कपाट बंद, हा नियम कुत्र्यापेक्षा नवऱ्याला लावायला जास्त दिवस गेले.

सोसायटीत कुरबुर होईल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. पण कागद नाचवण्याआधी हातात पट्टा आणि खिशात शी उचलायची पिशवी दिसू द्या.

जुन्या मालकांना भेटायला यायचं असतं. पहिला दीड-दोन महिना थांबायला सांगा, फोटो पाठवत राहा. दादा-वहिनी दिवाळीनंतर आले. ब्रूनोने दादाच्या अंगावर उड्या मारल्या, सगळं घर हुंगून काढलं आणि अर्ध्या तासाने सासूबाईंच्या पायाशी जाऊन झोपला. दादाने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. म्हणाला, "याची आवडती. फेकवेना." वहिनीची डाव्या पायाची कोल्हापुरी, टाचेशी अर्धी कुरतडलेली. मी ती ब्रूनोच्या नाकाला लागायच्या आत परत कागदात गुंडाळली आणि निघताना त्यांच्याच पिशवीत ठेवली.